मारणाऱ्याचा मान



वारंगा फाटा आपणांपैकी पुष्कळांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिला असेल. नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला येथे दुसरा रस्ता फुटतो आणि तो हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूरला पोचतो. अशोक विजयादशमीच्या आदल्या दोन दिवसांत पंचशील ध्वज लावलेल्या कितीतरी गाड्या या फाट्यावर चहाला थांबतात. एरवी येथे हळद आणि सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची वर्दळ असते.

फाट्याजवळच्या एका वस्तीवर रविवारी सायंकाळी वंदना होते. काही महिन्यांपासून तेथे एक फासेपारधी कुटुंब येऊ लागले आहे. आजोबा, मुलगा, सून आणि आठवीत शिकणारा नातू. मुलाने व सुनेने दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली. आजोबांनी अद्याप घेतलेली नाही. पण ते येतात, मागे भिंतीला टेकून बसतात आणि त्रिशरण-पंचशील ऐकतात.

मागल्या महिन्यात वंदना आटोपल्यावर नातवाने मोबाइलवरचे एक चित्र दाखविले. अमेरिकेतला कोणी गृहस्थ गुडघ्यावर बसलेला. पुढ्यात मेलेले हरीण. त्याची फांद्याफांद्यांची शिंगे गृहस्थाने दोन्ही हातांनी उचलून धरलेली. दुसऱ्या चित्रात तोच गृहस्थ, हातात सनद. एवढ्या मोठ्या शिंगांचे हरीण मारले म्हणून तिकडच्या सरकारी खात्याने त्याचा गौरव केला होता. आजोबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "गुरुजी, ह्याला सरकारनं कागद दिला. आमच्या बापाला ह्याच कामापायी चौकीत बांधून ठिवलं व्हतं. आन् तुमी म्हणता, मारणं सगळ्यांचंच वाईट. मंग दोघांचं सारखं कसं?"

मी शाळेत पुष्कळ वर्षे शिकविले आहे. उत्तर हाताशी नसले की "उद्या सांगतो" म्हणण्याची मास्तरांची जुनी युक्ती मला ठाऊक आहे, आणि त्या दिवशी मी तीच वापरली. पहिले शील पुन्हा म्हणून दाखविणे सोपे होते. परंतु ज्या माणसाने 'पाणातिपाता' हे शब्द ऐकताना आपला बाप आठवला, त्याला शील पाठ म्हणून दाखविणे हे उत्तर होत नाही. तेव्हा त्या प्रश्नाचा विचार आपण मिळून करू. दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घराचा त्याच्याशी संबंध आहे.

प्रथम तो कागद काय आहे ते नीट समजून घेऊ. ज्याला आपण दोष देणार त्याची बाजू आधी पूर्ण ऐकावी, ही रीत तथागतांच्या धम्माला धरून आहे. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब नावाची शिकाऱ्यांची संस्था काढली. १९५० साली या संस्थेने शिंगे मोजण्याची एक पद्धत ठरविली. मुख्य दांड्याची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, दांड्यांचे घेर, दोन शिंगांमधले अंतर, हे सारे इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजावयाचे आणि बेरीज करावयाची. डावे शिंग उजव्यासारखे नसेल तर तेवढे गुण वजा. मोजणीपूर्वी शिंगे साठ दिवस सुकू द्यावी लागतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची सरळ वाढलेली शिंगे १७० गुणांची भरली की संस्थेच्या कायमच्या नोंदवहीत शिकाऱ्याचे नाव चढते. याच मापावर तिकडच्या अनेक राज्यांची वन्यजीव खाती आपापल्या याद्या ठेवतात, प्रशस्तिपत्रे देतात, बिल्ले देतात.

ते म्हणतात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेसुमार कत्तलीने ही हरणे फार थोडी उरली होती. शिकाऱ्यांनीच नियम मागितले, परवाने आणले. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळविला. आज हरणे लाखोंनी आहेत. लांडगे उरले नाहीत म्हणून ती वाढतात, पिके खातात, मोटारींखाली येतात. तेव्हा काही मारावीच लागतात, आणि पुष्कळ शिकारी मांस घरी नेऊन खातात. हे म्हणणे खोटे नाही. त्यांना राक्षस ठरवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

पण मग बक्षीस कशाचे? कळप कमी करावयाचा असेल तर माद्या कमी कराव्या लागतात, हे शेळ्या पाळणाऱ्या आपल्या कोणत्याही म्हातारीला ठाऊक आहे. एक मोठा बोकड कापला म्हणून पुढल्या साली करडे कमी होत नाहीत. बक्षीस तर सर्वांत मोठ्या शिंगांच्या नराला! ज्याला मारल्याने पिकाचे रक्षण फारसे होत नाही, नेमका त्याचाच मान. आणखी एक गंमत पाहा. त्या जातीच्या नराची शिंगे दरसाल गळून पडतात आणि नवी फुटतात. शिंगेच हवी असतील तर रानात वाकून उचलता येतात. उचललेल्या शिंगांनी शिकारी ठरत नाही, म्हणून मारावे लागते.

तिकडे या मारण्याला मारणे म्हणत नाहीत. 'हार्वेस्ट' म्हणतात, म्हणजे सुगी, कापणी, पीक काढणे. आपण शेतात राबणारी माणसे आहोत. कापणी कोणी करावी? ज्याने पेरले, निंदले, राखले त्याने. त्या हरणाला कोणी पेरले होते? शब्द बदलला की हाताला लागलेले रक्त दिसेनासे होते. आपल्या बापजाद्यांवरही असेच गोड शब्द पांघरले गेले होते. वेठबिगारीला 'बलुतं' म्हणत आणि उष्ट्याला 'हक्क'. तेव्हा गोड शब्द ऐकला की त्याखाली काय झाकले आहे ते आपण उचलून पाहिले पाहिजे.

परंतु अमेरिका दूर आहे. आजोबांचा प्रश्न येथल्या मातीतला आहे.

हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या काळात जंगल राजाचे, शिकार राजाची आणि राजाच्या पाहुण्या साहेबांची. लंडनमध्ये रोलंड वॉर्ड नावाचा पेंढा भरणारा एक मोठा कारागीर होता. त्याने १८९२ साली जगभरच्या जनावरांच्या शिंगांच्या मापांचे पुस्तक काढले आणि मग हिंदुस्थानातल्या साहेबांना व संस्थानिकांना त्या पुस्तकात आपले काळवीट, आपला सांबर छापून येण्याचे वेड लागले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या वाघांच्या शिकारीवरूनच 'तीसमारखाँ' हा शब्द निघाला असे लोक सांगतात. खरे-खोटे कोण जाणे. पण आपल्याकडे हा शब्द चेष्टेचा झाला, यात सामान्य माणसाचे शहाणपण दिसते.

राजस्थानात भरतपूरला केवलादेवच्या पक्षी-अभयारण्यात दगडी पाट्या अजून उभ्या आहेत. कोणत्या तारखेला, कोणत्या लाटसाहेबांच्या मानार्थ, किती बंदुकांनी किती पक्षी पाडले याचा हिशेब त्यांवर कोरला आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते. त्या एका दिवसाचा आकडा ४,२७३. एवढे पक्षी कोणी खाल्ले नसतील. पण आकडा दगडावर राहिला.

आता दुसरी बाजू पाहा. या राजांच्या शिकारीत रान कोणी दाखविले? काळविटाचा माग कोणी काढला? शिकारीसाठी चित्ते कोणी धरले आणि माणसाळविले? चित्तापारधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी. कोणी गायीच्या आडोशाने हरणाजवळ जाई म्हणून गायपारधी, कोणी फास लावी म्हणून फासेपारधी. चित्ता पारध्याने शिकविला, काळवीट चित्त्याने पाडला, आणि भिंतीवरच्या पाटीवर नाव लागले महाराजांचे. त्याच पारध्याने पोटासाठी स्वतःचा फास लावला, तर तो चोर. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने आणि त्याच्या मागून आलेल्या कायद्यांनी पारध्यांसारख्या किती तरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. हजेरी, तारेच्या कुंपणातली वसाहत, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि 'विमुक्त' हा शब्द आला. शब्द आला, हजेरीची सवय मात्र चौकीतून गेली नाही.

हाच न्याय आपल्यालाही लागू होता, हे विसरू नका. मेलेले ढोर गावाबाहेर ओढून नेणे, कातडे सोलणे, शिंगे काढणे हे काम अस्पृश्यांच्या गळ्यात बांधले होते आणि ते करतात म्हणून ते विटाळलेले. महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्यास सांगितले ते याच अपमानातून माणसे सोडविण्यासाठी. आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे हाताळणारा विटाळलेला, आणि जिवंत जनावर मौजेने मारून तेच कातडे दिवाणखान्यात पसरणारा कुलीन. त्याच्या भिंतीवरच्या मुंडक्याखाली पाहुणे जेवायला बसत. कोणाला विटाळ होत नसे. म्हणजे विटाळ कातड्यात नव्हता आणि शौर्य बंदुकीत नव्हते. दोन्ही गोष्टी माणसाची जात पाहून वाटून दिलेल्या होत्या.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ज्यांनी १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाची द्वाही फिरविली, ते राजर्षी शाहू महाराजही नामांकित शिकारी होते. चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्याचा त्यांना नाद होता. पण फासेपारध्यांना चोर म्हणून हाकलण्याऐवजी पहाऱ्याच्या नोकरीत घेऊन त्यांच्यावर विश्वास टाकणारा राजाही तोच. त्यांचे ऋण मोठे आहे आणि त्यांची शिकार ही शिकार आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येणे हे धम्माने आपल्याला शिकविलेले आहे. व्यक्तिपूजा आपण मागे टाकून आलो आहोत.

तर मग आजोबांच्या बापाचे आणि त्या अमेरिकन गृहस्थाचे सारखे आहे काय?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, जो परिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, बाबासाहेबांनी अहिंसेचा फार स्पष्ट विचार केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे ते सांगतात. नियम माणसाला बांधतो; तत्त्व त्याला विचार करावयास लावते. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. गरज असेल तेथे माणसाने आपल्या विवेकाने ठरवावे. केवळ इच्छेने, हौसेने मारणे हे मात्र तथागतांनी निषिद्ध मानले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कर्माचे मूळ चेतनेत आहे ही बुद्धवाणी तर प्रसिद्धच आहे.

हा भेद हाती धरला की उत्तर दिसू लागते. माळावर पाल ठोकून राहणाऱ्या, जमीन नसलेल्या, कोणी कामाला न ठेवणाऱ्या माणसाने पोरांसाठी एक हरीण धरले. जीव गेला, तो जीवही जगू पाहत होता, त्याचे दुःख खोटे नाही. म्हणून ते कुशल कर्म म्हणता येणार नाही. पण त्या चेतनेत भूक होती. भरल्या पोटी, शिंगे इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून घेण्यासाठी जो मारतो, त्याच्या चेतनेत दुसरे काही आहे. आजोबा, दोन्ही सारखी नाहीत. हे मी त्या रविवारीच म्हणायला हवे होते.

मात्र एवढ्यावर थांबलो तर आपण स्वतःला फसवू. भूक संपल्यावर फास का ठेवायचा, हा प्रश्न राहतोच. शिवाय 'गरज' हा शब्दही फार सैल आहे. त्यात पुष्कळ काही लपते. याचे मोठे उदाहरण आपल्याच नागपूरच्या रस्त्यावरच्या जिल्ह्यात घडले.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ नावाची वाघीण होती. लोक तिला अवनी म्हणू लागले. दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. मेलेले कोण? शेतात गेलेले, गुरे चारायला गेलेले गरीब लोक. कापूस वेचायला बाया जाईनात. तिला पकडावे, न जमल्यास मारावे, असा आदेश निघाला. वन्यप्राणीप्रेमी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये आदेशात हात घातला नाही. मात्र मारणाऱ्याला बक्षीस देऊ नये असे बजावले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी लागली. तिचे दोन बछडे रानात होते. पुढे मारणाऱ्याचा सत्कार करून चांदीची वाघीण भेट दिल्याच्या आरोपावरून २०२१ मध्ये अवमानाची याचिका झाली. तो कार्यक्रम गावकऱ्यांचा होता, अधिकाऱ्यांचा नव्हता, असे न्यायालयाला सांगण्यात आले आणि याचिका मागे घेतली गेली.

त्या रात्री गोळी घालणे भाग होते की नव्हते, याचा वाद तज्ज्ञांत झाला. त्यात मी शिरत नाही. माझे लक्ष त्या एका अटीवर खिळते. मारणे भाग पडले तर मारा, पण बक्षीस नको. बाबासाहेबांनी केलेला गरज आणि इच्छा यांचा भेद मला त्या अटीत दिसतो. गरजेने केलेल्या मारण्याला बक्षीस लावले की पुढच्या वेळी गरज कोठे संपली आणि बक्षिसाची आशा कोठे सुरू झाली, हे बंदूक धरणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आणि तरीही, ज्या घरातला माणूस त्या वाघिणीने नेला, त्या घराने आनंद केला म्हणून त्यांना नावे ठेवणारे आपण कोण? भीती गेल्याचा आनंद माणसाला होणारच. पुण्या-मुंबईच्या पंख्याखाली बसून त्यांना करुणेचे धडे देणाऱ्यांचा मला राग येतो. माझे म्हणणे एवढेच की भीती गेल्याचा आनंद आणि मारल्याचा मान या दोन गोष्टी आहेत. पहिल्या आनंदात मिठाई वाटली जाते आणि लोक शेतावर परततात. दुसऱ्यात मूर्ती घडवावी लागते.

आपल्या शिवारातही हा प्रश्न रोजचा आहे. हरणांचे कळप हरभऱ्यात शिरतात, रोही तूर तुडवितात, रानडुकरे एका रात्रीत हळदीचे वाफे उकरतात. जागलीवर बसणारा शेतकरी जेव्हा चिडतो तेव्हा त्याला 'मैत्री कर' म्हणणे सोपे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वांत कडक संरक्षण दिले आहे; नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते, ती वेळेवर मिळत नाही ही तक्रारही खरी आहे आणि त्यासाठी भांडले पाहिजे. पण कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडू नका. त्या तारेला हरीण आणि शेजाऱ्याचे पोर यांतला फरक कळत नाही.

याहून अवघड गोष्ट घरातल्या तरुणांची आहे. रात्री गाडीच्या झोतात ससे, हरणे गाठायची, कुत्री सोडायची आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर चित्र टाकायचे, असे काही मुले करतात. त्यांत आपली मुलेही आहेत, हे कबूल केले पाहिजे. त्यांना कोणी सनद देत नाही. मित्र अंगठा दाखवितात, तीच त्यांची सनद. ज्यांच्या आजोबांना गावात कोणी मान दिला नाही, त्या मुलांना मानाची भूक असणे स्वाभाविक आहे. पण राजाने टाकून दिलेला मान उचलून आपल्या डोक्यावर ठेवायचा, यासाठी बावीस प्रतिज्ञा घेतल्या काय? तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवरील दयेची आहे. ती पाठ असणे पुरेसे नाही.

मान मारण्याला चिकटलेला आपण घरातही पाहिला आहे. कंदुरीच्या बकऱ्याची मुंडी कोणाच्या वाट्याला, यावरून भावकीत डोकी फुटत. दसऱ्याच्या रेड्यावर पहिला घाव कोणाचा, हा मान गावोगावी ठरलेला असे. दीक्षा घेतल्यावर हे घरातून गेले, तेव्हा म्हातारी माणसे म्हणाली, "आता आपला मान काय राहिला?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जुना मान काढून घेतल्यावर त्या जागी काय ठेवले, हे धम्माला सांगता आले पाहिजे.

सम्राट अशोकाने काय ठेवले ते पाहा. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे मौजेच्या सहलीला, आणि त्यात शिकार असे. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस्थानी, बोधगयेला, यात्रा केली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, वृद्धांना भेटून दान देणे, खेड्यांतल्या लोकांशी धम्माविषयी बोलणे. राजाच्या दौऱ्याचा थाट तोच राहिला, लोक राजाला पाहायला तसेच जमले. मधली शिकार तेवढी गेली. हे त्याने आपल्या आठव्या शिलालेखात लिहून ठेवले. आणि उपासकहो, त्या आठव्या लेखाचा तुकडा आपल्या महाराष्ट्रात, मुंबईजवळ सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात सापडला तो १९५६ साली, आपल्या दीक्षेच्या वर्षी. या योगायोगाला मी काही चमत्कार म्हणत नाही. पण भरतपूरचा दगड आणि सोपाऱ्याचा दगड मनात शेजारी ठेवून पाहा. एका राज्यकर्त्याने आपण किती मारले ते कोरविले, दुसऱ्याने आपण काय सोडले ते कोरविले.

अशोकाने एका दिवसात सारे सोडले असेही नाही. पहिल्या लेखात तो प्रांजळपणे सांगतो की पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही. आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. सम्राटाने आपल्या स्वयंपाकघराचा अपुरा हिशेब दगडावर लिहिला. आपण आपल्या घरात अजून जे सुटले नाही ते निदान विहारात मोकळेपणाने बोलावे.

तथागतांनी पहिले प्रवचन दिले ते सारनाथच्या मृगदावात, जेथे हरणे निर्भयपणे हिंडत. म्हणूनच अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात धर्मचक्र मुद्रेतल्या बुद्धमूर्तीच्या बैठकीवर मध्ये चक्र आणि दोन बाजूंना दोन हरणे कोरली आहेत. औरंगाबादेकडे जाल तेव्हा मुलांना ती हरणे दाखवा. जिवंत हरीण भिंतीवर असेही लावता येते.

शेवटी अंगुलिमालाविषयी. मारलेल्यांची बोटे ओवून त्याने गळ्यात घातली होती. त्याचीही मोजणी चालू होती. अट्ठकथेत तर हजाराचा आकडा आहे. शिंगे इंचात मोजणारे आणि बोटे माळेत मोजणारे यांच्यांत मला नात्याचा धागा दिसतो. तथागत भेटले, तो थांबला, भिक्षू झाला. राजा प्रसेनजित त्याला पकडायला शस्त्रांनिशी निघाला होता, त्याने त्याला वंदन केले, चीवर देऊ केले. पण गावातले लोक विसरले नाहीत. भिक्षेला गेला की कोणी ढेकूळ मारी, कोणी काठी. डोके फुटून, फाटक्या चीवराने तो परत येई, आणि तथागत त्याला सहन कर म्हणून सांगत.

ही कथा मी पुढच्या रविवारी आजोबांना सांगितली. अशोकाचीही सांगितली. राजाची कथा त्यांनी ऐकून घेतली. अंगुलिमालाची ऐकताना ते पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "ह्यो आमचाच माणूस दिसतोय." थोड्या वेळाने म्हणाले, "त्यानं येवढी माणसं मारली, राजानं हात जोडले. आमच्या बापानं तर हरणं, तितरं धरली. मी तेबी सोडलं, ईस वर्सं झाली. तरी कुठं चोरी झाली की पैली गाडी आमच्या पालापुढं. अमेरिकेत मारल्याचा कागद मिळतो. सोडल्याचा कुठं मिळतो, गुरुजी?"

मला याचे उत्तर देता आले नाही, आणि या वेळी मी "उद्या सांगतो" असेही म्हणालो नाही. दीक्षेचे प्रमाणपत्र मिळते, हे मी जाणतो. ते चौकीत दाखवून काय होते हेही जाणतो. शिकार गेली, राजांचे शिकारखाने हॉटेले झाली, पारध्याला मात्र फासाच्या बदल्यात ना जमीन मिळाली ना शेजार. तुम्ही आम्ही, ज्यांच्या घरात दीक्षा येऊन दोन-तीन पिढ्या झाल्या, आपण तरी त्यांना शेजार दिला काय? वस्तीवरच्या वंदनेला ते अजून मागे भिंतीला टेकूनच बसतात. त्यांना पुढे बसा असे आजवर कोणी म्हटले नव्हते. मीही नाही.

त्या रविवारी सुनेने त्यांच्यासाठी पुढे सतरंजी टाकली. या वर्षी अशोक विजयादशमीला ते आमच्याबरोबर नागपूरला येणार आहेत. वाटेत गाडी तपासायला थांबविली तर आपल्यामुळे सगळ्यांना उतरावे लागेल, अशी त्यांना धास्ती आहे. सगळे उतरू, असे वस्तीने सांगितले आहे. गाडी फाट्यावरून पहाटे पाचला निघेल.